टुटाच्या सापळ्यात रोज ढीगभर पतंग, तरी टोमॅटो पोखरलेला: असे का होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुन्नर भागात एक एकर टोमॅटो, लागवडीला 45 दिवस झाले. टुटासाठी, म्हणजे टोमॅटोची पाने-फळे पोखरणाऱ्या अळीच्या पतंगासाठी, 8 कामगंध सापळे (मादीच्या वासाची नक्कल करून पतंग ओढणारे) लावले. प्रत्येक सापळ्यात रोज 30-40 पतंग पडतात, तरी पानांवरचे चट्टे वाढत चाललेत आणि आता फळाच्या देठाजवळ बारीक छिद्रे दिसू लागली आहेत. शेजारी म्हणतात, सापळ्यांनीच आसपासचे पतंग तुमच्या रानात ओढून आणले, काढून टाका. मग सापळे काढायचे की वाढवायचे?

काढू नका. पण नुसते वाढवूनही भागणार नाही. तुमच्या सापळ्यात पडतो तो प्रत्येक पतंग नर आहे. पान आणि फळ पोखरणारी अळी मादीच्या अंड्यातून येते, आणि मादी त्या ल्यूरच्या, म्हणजे सापळ्यातल्या वासाच्या रबरी गोळीच्या, वासाकडे ढुंकूनही पाहत नाही. ती येते टोमॅटोच्या पानाच्या वासावर. हे दोन वास वेगळे आहेत. हा फरक नीट कळला की सापळ्याकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, ते ठरवता येते.

आधी कामगंधाचे पाहू. टुटाची मादी पहाटे पोटाच्या टोकाकडची ग्रंथी बाहेर काढून बसते आणि वास सोडते. त्याचे प्रमाण एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात मोजावे लागते, इतके ते थोडे असते. वासात दोन घटक असतात, साधारण 90 ला 10 या प्रमाणात. नराच्या मिशांवर हे रेणू टिपण्यासाठीच घडलेले सूक्ष्म केस असतात. वारा हा वास सलग पट्ट्यासारखा नेत नाही. उदबत्तीचा धूर जसा तुटक धाग्यांनी जातो तसा तो जातो. नराला एक धागा लागला की तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झेपावतो. धागा सुटला की जागच्या जागी डावी-उजवी घिरट्या घालतो आणि पुढचा धागा सापडला की पुन्हा पुढे सरकतो. आपला रबरी ल्यूर हीच नक्कल करतो, फक्त त्यात माल मिलिग्रॅममध्ये भरलेला असतो आणि तो काही आठवडे हळूहळू सुटत राहतो.

आता पानाचा वास. टोमॅटोची बांधणी केली की हात हिरवट-काळे होतात आणि साबणाने दोनदा धुतले तरी वास जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको. टोमॅटोच्या पानावर आणि खोडावर बारीक केस असतात. त्यातल्या काहींच्या टोकाला तेलाची सूक्ष्म पिशवी असते. हात लागला की ती फुटते. तिच्यात फेलांड्रीन, कॅरीन, पाइनीन, कॅरियोफिलीन अशी सुगंधी द्रव्ये असतात. तुमच्या हाताला लागतो तो हाच वास, आणि संग झालेली टुटाची मादी याच मिश्रणाच्या मागावर येऊन पानाच्या खालच्या बाजूला, कोवळ्या देठावर किंवा फळाच्या हिरव्या टोपीवर एकेक अंडे घालते. एक मादी 260 पर्यंत अंडी घालू शकते. जातीजातींत हे वासाचे मिश्रण कमी-जास्त असते, म्हणून एकाच रानात दोन जाती असल्या तर एकीवर चट्टे जास्त दिसू शकतात. टोमॅटोच्या एका रानटी भाऊबंदाच्या पानात आल्यात असते तेच झिंजिबेरीन भरपूर असते. त्यावर मादी अंडी कमी घालते आणि अळीही नीट जगत नाही. आपल्या बाजारातल्या जातींत हा गुण नाही, त्यामुळे तुमचे एक एकर हिरवे रान हाच मादीसाठी सगळ्यात मोठा ल्यूर आहे. त्यापुढे सापळ्यातली रबरी गोळी म्हणजे काहीच नाही, आणि ती मादीसाठी बनवलेलीही नाही.

मग शेजाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य किती? सापळा वाऱ्याच्या खालच्या बाजूचे नर ओढतो, त्यात थोडे त्यांच्या रानातलेही असतील. पण नर अंडी घालत नाही, म्हणून त्यांच्याकडून आलेल्या नरामुळे तुमच्याकडचे चट्टे वाढणार नाहीत. हीच शंका नारळाच्या सोंड्या भुंग्याबाबत कोणी विचारली, तर मी वेगळे उत्तर देईन. तिथे वास नर भुंगा सोडतो आणि तो ‘सगळे इकडे या’ अशा जातीचा असतो. त्यावर नर आणि माद्या दोन्ही येतात, आणि सापळ्यात आंबणारे खाद्य ठेवले तर जास्तच येतात. म्हणून तो सापळा कोवळ्या माडांना खेटून लावायचा नसतो. सापळा आणताना ‘या वासावर कोण येते’ हे विचारावे ते यासाठीच. टुटाच्या बाबतीत उत्तर आहे: फक्त नर.

तरीही मनात येते की इतके नर मारले तर माद्या वांझ राहतील. हिशेब मांडून बघा. समजा रानात 100 नर आणि 100 माद्या आहेत, आणि सापळ्यांनी 90 नर उचलले. उरलेले 10. टुटाचा नर आयुष्यात सहा-सात वेळाही संग करू शकतो. म्हणजे 90 टक्के नर जाऊनही 60 च्या आसपास माद्या अंडी घालण्याजोग्या होऊ शकतात. प्रत्यक्षात तर 90 टक्के नर सापडतच नाहीत. रानात खऱ्या माद्या जितक्या जास्त, तितकी ल्यूरची त्यांच्याशी स्पर्धा अवघड होते. शिवाय बाहेरच्या रानातून संग झालेली मादी थेट येते, तिला तुमच्याकडच्या नरांची गरजच नाही. आणखी एक गोष्ट: 2012 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी नराविना ठेवलेल्या माद्यांच्या अंड्यांतूनही पिल्ले निघाल्याचे नोंदवले. शेतात याचा वाटा किती ते सोडून देऊ. मुद्दा इतकाच की नर संपवून ही कीड संपत नाही. नर पकडण्याचा उपयोग होतो तो कीड अगदी थोडी असताना, म्हणजे लागवडीच्या आधीपासून सापळे असतील तर आणि तेही शेडनेट, पॉलिहाऊससारख्या बंद जागेत जास्त. तुम्ही सापळे कधी लावले ते लिहिलेले नाही. पहिले चट्टे दिसल्यावर लावले असतील तर पकडीच्या दृष्टीने उशीर झालेला आहे. पण सापळा अजूनही तुमच्या फार कामाचा आहे, कारण तो आकडा सांगतो.

हा आकडा कामाचा का, ते या किडीचा वेग पाहिला की कळते. टुटा मूळची दक्षिण अमेरिकेची. 1917 साली पेरूमधून तिची शास्त्रीय नोंद झाली, 2006 मध्ये ती स्पेनमध्ये पोचली आणि 2014 मध्ये भारतात पहिल्यांदा सापडली ती आपल्याच पुणे भागात. अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा 27 अंश तापमानाला साधारण 24 दिवसांत होतो, 14 अंशांना तोच 76 दिवस घेतो. म्हणजे तुमच्या पिकाच्या आयुष्यात उन्हाळी हवेत चार-पाच पिढ्या सहज निघतात. सापळ्यात नरांची लाट आली की माद्याही त्याच दरम्यान बाहेर पडलेल्या असतात. अंडी उष्ण हवेत चार-पाच दिवसांत फुटतात, आणि अळी लगेच पानाच्या दोन पापुद्र्यांच्या आत शिरते. आकडा एकदम चढला की पुढचा आठवडा पाने उलटून बघण्याचा, हे सापळा तुम्हाला सांगतो. तो आकडा रोजच्या सवयीने पाहून सोडून देऊ नका. वहीत तारीख आणि सापळ्याचा क्रमांक टाकून लिहा. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, चढ-उतार सांगतो.

आकडा पडला म्हणून निर्धास्तही होऊ नका. ल्यूर संपला, पाण्यावर धूळ साचली, दोन दिवस झड लागली किंवा वारा पूर्ण पडला, तरी आकडा पडतो. रानात माद्या फार झाल्या तरी पडतो, कारण नर जवळच्या खऱ्या मादीकडे जातो. म्हणून सापळ्याच्या जोडीला पान बघणे सोडायचे नाही. आठवड्यातून दोनदा, रान तिरपे कापत 20 झाडे, प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे एकेक पान.

पान उजेडाकडे धरून बघा. साध्या नागअळीची रेघ बारीक आणि वेडीवाकडी, सापासारखी जाते. टुटाचा चट्टा पसरट, फुगीर असतो. पापुद्रा कागदासारखा पारदर्शक होतो आणि आत एका कोपऱ्यात काळी विष्ठा गोळा झालेली दिसते. टाचणीने पापुद्रा उचलला तर फिकट हिरवी, मोठी झाल्यावर गुलाबी छटेची अळी सापडते. डोक्याच्या लगेच मागे तिला काळसर आडवी कड असते. चट्टा आहे पण आत अळी नाही, असेही होते. ती एक पान सोडून दुसऱ्यात शिरते. फळावरचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे आणि बहुधा टोपीच्या आडोशाला असते. घाटेअळीचे (फळ पोखरणारी दुसरी, मोठी अळी) भोक मोठे आणि गोल असते, अळीचे अर्धे अंग बाहेर दिसते. हा फरक आधी पक्का करून घ्या. ‘टोमॅटोचा ल्यूर’ म्हणून मागितला तर दुकानातून अनेकदा घाटेअळीचा मिळतो, आणि पाकिटावरचे नाव कोणी वाचत नाही. तुमच्या सापळ्यातले पतंग 5 ते 7 मिलिमीटर लांब, राखाडी-चंदेरी, पंखांवर काळे ठिपके आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या असतील तर ते टुटाच आहेत.

आता सापळ्यांची मांडणी. नुसते लक्ष ठेवायला एकरी 2-3 सापळे पुरतात. नर कमी करायचे म्हणून लावायचे असतील तर उघड्या रानात एकरी 16 ते 20 लागतात. तुमचे 8 सापळे या दोहोंच्या मधले आहेत, पाहणीला जास्त आणि पकडीला कमी. खर्च झेपत असेल तर पुढच्या पिकाला लागवडीच्या आठवडाभर आधीपासून 16 लावा. आत्ताच्या पिकात तो पैसा पाने काढण्याच्या मजुरीवर घाला, असे मी सांगेन.

पकडीसाठी पाण्याचा सापळा चांगला आणि स्वस्त. 6-8 लिटरची पसरट पाटी, त्यात पाणी, पाण्यात चमचाभर खाद्यतेल किंवा साबणाचे थोडे थेंब. एवढे नसले तर पतंग पाण्याच्या पृष्ठभागावरून पाय टेकून उडून जातो. ल्यूर तारेने पाण्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटरवर टांगा, पाण्याला टेकू देऊ नका. पावसाळ्यात पाटी भरून वाहते आणि पतंग वाहून जातात, म्हणून काठाच्या खाली एक भोक पाडून त्याला जाळी लावा. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी भरा. घाटेअळीसाठीचा नरसाळ्याचा सापळा इथे वापरू नका, या चिमुकल्या पतंगासाठी तो तितका चालत नाही. मोजायला सोपा म्हणून एखाद-दुसरा चिकट डेल्टा सापळा ठेवा, पण आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिकटपणा लवकर जातो.

उंची सगळ्यात जास्त चुकते. सापळे काठीला डोक्याएवढे उंच बांधलेले दिसतात, मोजायला सोपे म्हणून. टुटाचा पतंग खाली, झाडाच्या सावलीत वावरतो. रोपे लहान असताना सापळा जमिनीलगत ठेवा, पुढेही गुडघ्याच्या फार वर नेऊ नका. जागा निवडताना वाऱ्याचा विचार करा. ल्यूरचा वास वाऱ्याबरोबर खाली जातो आणि नर तिकडूनच येतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. पश्चिम बांधावर सापळा असेल तर वास तुमच्या रानावरून जातो आणि आकडा तुमच्या रानाचा मिळतो. पूर्व बांधावर असेल तर तुम्ही बऱ्याच अंशी पलीकडच्या रानाचे नर मोजत आहात. तुमचे आठही सापळे कुठल्या बांधावर आहेत ते एकदा बघा, शेजाऱ्यांच्या शंकेचे अर्धे उत्तर तिथेच मिळेल.

ल्यूर साधारण 4 ते 6 आठवडे चालतो, कडक उन्हात त्याहून कमी. लावलेली तारीख सापळ्यावर मार्करने लिहा. नवे ल्यूर पाकीट न फोडता फ्रिजमध्ये ठेवा. हात लावायचा असेल तर स्वच्छ हातमोजा घाला, आणि घाटेअळीचा ल्यूर हाताळलेल्या बोटांनी टुटाचा धरू नका. परका वास मिसळला तर नर कमी येऊ शकतात. जुना ल्यूर आणि त्याचे वेष्टण रानात टाकू नका, तेही वास सोडत राहते आणि नर तिकडेच घिरट्या घालतो.

माद्या पकडायच्या असतील तर प्रकाश सापळा. टुटाचे नर आणि माद्या दोन्ही दिव्यावर येतात. मात्र त्यावर मित्रकीटकही येतात, म्हणून अंधार पडल्यापासून रात्री 10-11 पर्यंतच चालवा आणि पाटी पाण्याने भरलेली ठेवा. झेंडूबद्दल बरेच जण विचारतात. टोमॅटोच्या 16 ओळींना झेंडूची 1 ओळ, ही शिफारस घाटेअळीसाठी आहे. तिची मादी झेंडूच्या फुलावर अंडी घालते. टुटाला टोमॅटोच्याच कुळाचा वास लागतो, झेंडूवर तिची वाट पाहू नका. त्याच कुळातली कामोणी आणि धोत्रा बांधावर असतील तर मात्र काढा. तिथे ती दोन पिकांच्या मधला काळ काढते. वांगी आणि बटाटाही तिला चालतात.

आत्ता, 45 दिवसांच्या पिकात, पहिले काम हाताचे. चट्टे असलेली खालची पाने आणि पोखरलेली फळे काढा. पण ती बांधावर टाकू नका. सुकत चाललेल्या पानातली अळी बाहेर येऊन पुन्हा झाडावर चढते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि पिशवी उन्हात ठेवा. बांधणी करताना काढलेले फुटवेही त्याच पिशवीत. दुसरे, अंड्यांसाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी संपवणाऱ्या चिमुकल्या मित्रकीटकाचे कार्ड. एकरी 2 कार्डे, आठवड्याच्या अंतराने, कार्डाचे तुकडे करून पानांच्या खालच्या बाजूला संध्याकाळी टाचा. कार्ड लावण्याच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस कडक कीटकनाशक मारलेत तर ते पैसे वाया गेले.

तिसरे फवारणी. अळी पापुद्र्याच्या आत बसते, म्हणून पानाच्या आत शिरणारे औषध लागते, वरवरचे बसत नाही. सुरुवातीच्या बारीक चट्ट्यांना 5 टक्के निंबोळी अर्क चालतो. प्रादुर्भाव वाढला असेल तर टोमॅटोवर लेबल असलेले, अळीसाठीचे औषध लेबलवरच्याच मात्रेत, पानाची खालची बाजू भिजेल असे घ्या, आणि तोडणीपूर्वी सोडायचे दिवस पाळा. एकाच गटाचे औषध एका पिढीपुरते, म्हणजे महिनाभर. पुढच्या पिढीला गट बदला. युरोपात डायमाइड या कीटकनाशक गटाला टुटा दाद देईनाशी झाली ती तोच गट पुन्हा पुन्हा मारल्यामुळे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकाने पतंग पडलेले दिसतात आणि समाधान वाटते, पण टोमॅटोवर फिरणारा नेसिडिओकोरिस नावाचा हिरवा, लांब पायांचा ढेकूण त्यात मरतो. तो टुटाची अंडी आणि लहान अळ्या खातो. गंमत अशी की पोखरलेल्या झाडाचा वास बदलतो आणि त्या बदललेल्या वासावर असे मित्रकीटक येतात. तुमच्या रानात फवारणी किती झाली आहे त्यावर ते आत्ता आहेत की नाहीत हे ठरेल. पानाच्या देठापाशी बघा.

तुमचे सापळे रोज जवळपास 280 नर दाखवतात. इतके पतंग 45 दिवसांच्या एक एकरातूनच निघाले असतील, असे मला वाटत नाही. बहुधा आसपास तोडा संपलेला आणि तसाच उभा ठेवलेला जुना प्लॉट आहे. अशा रानात पाणी बंद, फवारणी बंद, पण झाडे हिरवी असतात आणि कोष मातीत पडलेले असतात. तिथून निघणाऱ्या माद्यांना तुमच्या कोवळ्या पानांचा वास लागतो. तो प्लॉट शेजाऱ्यांचाच असेल तर त्यांच्याशी वाद न घालता वही घेऊन जा. दोन सापळे त्यांच्या बांधावर तुमच्या खर्चाने लावा, आठवडाभर दोघांनी मिळून मोजा. मग मिळून झाडे उपटा, ढीग करा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक टाकून कडा मातीने दाबा आणि पाने कुजेपर्यंत उघडू नका. लगेच नांगरट करून कोष वर काढा, आणि तिथे पुढचे पीक टोमॅटो, वांगी, बटाट्याचे न घेता कांदा, मका किंवा कोबीवर्गातले घ्या. उपटणी झाल्यावर सापळे मोजत राहा. जुन्या रानातला साठा हेच कारण असेल तर एक पिढी उलटता उलटता, साधारण तीन-चार आठवड्यांत, आकडा उतरू लागेल. उतरला नाही तर वाऱ्याच्या दिशेने आणखी पलीकडचे रान बघायला हवे.